फक्त उजवीकडे वळणारी गाडी

मागच्या पावसाळ्यात काही दिवस आमची मोटारसायकल फक्त उजवीकडे वळत होती.

'आमची' म्हणणं तेव्हा जरा धाडसाचंच होतं. गाडी सासऱ्यांची, म्हणजे मामांची. पालघरजवळच्या माहीमला त्यांची मासेमारीची होडी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. (होडीचं डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही.) आता जावई दोन आणि गाडी एक. मामांनी तोड काढली. मला म्हणाले, "आता तुमी वापरा. नारली पुनवेला मी बघीन. नीट ठेवली असंल तर तुमची, नाय तर हरेशची."

हरेश म्हणजे माझे साडू, कुंभवलीचे. बोईसरमधला एकूण एक मेकॅनिक त्यांचा दोस्त. गाडीला कुठे खुट्ट झालं तरी ते त्यांना घरबसल्या कळणार. वर माणूस इतका गोड, की धड रागही करता येत नाही.

मी साताऱ्याकडचा, तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला बोईसरजवळ सालवडला. गाडी मी देव्हाऱ्यातल्या टाकासारखी पुसायचो. एके दिवशी पुसता पुसता पुढच्या फोर्कवर, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दांड्यांपैकी एकावर, बोटाएवढा ओरखडा दिसला. रंग उडालेला. मी तिथूनच हाक मारली.

"निर्मला, गाडीला कोणी हात लावला?"

"तुम्ही लावू देता कोणाला?" बायको आतूनच म्हणाली.

आता माझा स्वभाव असा, की कुठल्याही गोष्टीचं मूळ सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. पहिला संशय शेजारच्या बोकडावर गेला. सुट्टीचा अख्खा दिवस मी खिडकीत बसून बोकडावर पहारा केला. तो बिचारा गाडीच्या जवळही आला नाही. मग मांजर. मग कोळंबी घेऊन येणाऱ्या मावशींची पाटी. मावशींना मी पाटी जरा दाखवा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कोलंबी बगायची सोडून पाटी काय बगताव?" इकडे ओरखडा रोज केसभर वाढतच होता.

शेवटी पावसामुळे गाडी ओसरीत घेताना हँडल वळवलं आणि आवाज आला, खर्र. परत वळवलं. परत खर्र. वाकून पाहिलं तर हँडलवरून खाली येणाऱ्या केबल प्रत्येक वळणाला फोर्कवर घासत होत्या. चोर घरातच होता! मला इतका आनंद झाला, की ओरखड्याचं दुःख मी विसरलो.

मग उपाय सुरू झाले. चिकटपट्टी लावली, ती पावसात सुटली. ग्रीस लावलं, त्याला धूळ बसून पॉलिश पेपर तयार झाला आणि ओरखडा दुप्पट वेगाने वाढला. मग मी ठरवलं, केबल हलते म्हणून घासते, तर ती हलूच द्यायची नाही. सगळ्या केबल गोळा करून फोर्कला जखडून टाकायच्या. निर्मला कोळ्याची लेक, तिच्याकडे जाळ्याचा नायलॉनचा दोरा असतोच.

"गाठ थोडी सैल ठेवू?" तिने विचारलं.

"अजिबात नको. ओढ."

"अहो, हँडल वळायला नको का?"

"मेंटेनन्सला कोण आहे? तू की मी?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओढली. गाठ अशी बसली, की केबलचा श्वास बंद.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटात डावीकडे वळलो आणि गाडी आपोआप पिसाळली. हात ॲक्सिलरेटरच्या मुठीवर सैल, तरी इंजिन केकाटतंय आणि वॉचमन टेबल सोडून पळतोय. हँडल सरळ केलं की शांत. रस्त्याच्या हलक्या वळणाला काही नाही, पण हँडल पुरतं डावीकडे फिरवलं की हिच्या अंगात यायचं. उजवीकडे मात्र गाय. असं का व्हावं याचा मी पुष्कळ विचार केला. पेट्रोल, प्लग, पावसाचं पाणी, सगळ्यांवर संशय घेतला. गाठीवर घेतला नाही, कारण तो माझ्यावरच आला असता. आणि मेकॅनिककडे जावं, तर संध्याकाळी हरेशभाऊंचा फोन यायचा, "काय भाऊ, गाडी काय म्हणते?"

म्हणून मी डावीकडे वळणंच सोडलं. डावीकडची गल्ली आली की पुढे जायचं, मोकळी जागा बघून उजवीकडून गाडी फिरवायची आणि परत यायचं. गल्ली आपोआप उजवीकडे येते. नाक्यावरचा चहावाला मला रोज दोनदा बघून हात करायला लागला.

पुनवेला आम्ही दोघं माहीमला निघालो. फोर्क लखलखीत. ओरखड्यावर मी काळा रंग लावला होता. मामांचं घर गल्लीच्या तोंडाशीच, आणि गल्ली अर्थातच डावीकडे. ओट्यावर मामा आणि हरेशभाऊ बसलेले. मी हात केला आणि पुढे गेलो.

"अहो, घर गेलं," निर्मला म्हणाली.

"माहीत आहे."

पुढून फिरवून आणली, तर गल्लीतून नारळाचा टेम्पो मागे मागे येत होता. थांबलो असतो तर मामांनी जवळ येऊन गाडी तपासली असती. म्हणून पुन्हा हात केला आणि पुन्हा पुढे गेलो. आता दुसऱ्या टोकाहून फिरवून आलो, तर गल्ली परत डावीकडे, आणि रस्त्याच्या मधोमध मामा उभे.

"जावय, येताव का जाताव?"

लाजेने मी हँडल डावीकडे फिरवलं. गाडी केकाटली, मामा बाजूला उडाले आणि आम्ही अंगणातल्या निळ्या जाळ्याच्या ढिगात घुसून थंड झालो. मला खरचटलंसुद्धा नाही. निर्मला आधीच उडी मारून मोकळी झाली होती. मी, गाडी आणि अख्खा पावसाळा बसून दुरुस्त केलेलं जाळं मात्र एक झालो होतो. ओट्यावरून हरेशभाऊ शांतपणे म्हणाले, "मामा, हंगामाचा पयला मासा."

जाळं कापायचं नाही, मामांनी बजावलं. समुद्रात जायचं होतं ते. घरातली सगळी माणसं मला आणि गाडीला सोडवायला बसली. सोडवता सोडवता मामांचा हात फोर्कवर गेला आणि तिथेच थांबला. मी डोळे मिटले.

"ही गाठ कोनाची?"

"माझी," निर्मला म्हणाली.

"गाठ बेस हाय. पन एवढी आवळून?"

"ह्यांनी सांगितलं."

मामांनी माझ्याकडे डॉक्टरांसारखं पाहिलं. "होडीवर दोर घासतो तिकडं आमी चिंधी गुंडालतो. दोर बांधून ठेवला तर होडी वलंल कशी?" हँडल डावीकडे वळलं की जखडलेली ॲक्सिलरेटरची केबलच ताणली जात होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

निर्मलाने गाठ सोडवली, केबलवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, हँडल दोन्हीकडे पुरतं फिरवून पाहिलं आणि केबल ऐसपैस बांधली. खर्र नाही, केकाटणं नाही. मग गाडीवर बसून बंदरापर्यंत एक चक्कर मारून आली. जाताना डावीकडे वळून.

"लग्नाआधी हीच चालवायची," मामा हरेशभाऊंना म्हणाले आणि चावी तिच्या हातात ठेवली. दोन्ही जावई बघत राहिले. हरेशभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं ना, माणूस गोड आहे.

आता ती पालघरला कामाला जाते आणि कारखाना वाटेत नसतानाही मला तिथे सोडते. पहिल्या दिवशी वॉचमन तिला बघून म्हणाला, "साहब, ड्राइवर नया रखा क्या?"

मी काही बोलायच्या आत निर्मला म्हणाली, "गाड़ी मेरी है, भैया. सवारी नई है."