जोह्याचे गणपती आणि माझी पुस्तिका

पेण स्टेशनात उतरलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पुस्तकांचे गठ्ठे होते. विषय : निर्यातीतून गरिबी कशी हटवावी. लेखक मीच. भाषा इंग्रजी. गरिबांनी ती अजून वाचली नव्हती, हा त्यांचा दोष.

जोह्याच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "लग्नपत्रिका काय?"

"नाही, गरिबी हटवायची पुस्तकं."

"मंग मागं टाका," तो म्हणाला.

जोह्यात सुनंदाताईंचा गणपतींचा कारखाना. तिथं मी पुस्तकं वाटायला आलो होतो. मुंबईच्या व्यापाऱ्याला टाळून त्या पहिल्यांदाच परदेशी थेट माल धाडत होत्या. हा माल नीट पोचला तरच पुढची मागणी, नाहीतर पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. आखणी (देवाचे डोळे रेखणं) स्वतः करून त्या खोकी भरत होत्या. मला त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी दुसरी भाकरी मोडली आणि खोक्यात डोकावलो. आत भाताचा पेंढा!

हातातली भाकरी मी ताटात ठेवली. पेंढ्यातून किडे येतात म्हणून माल चालला होता त्या देशात असा माल बंदरातच अडवतात. पान त्रेचाळीस.

"पुस्तक धाडलं होतं ना तुम्हाला? पान त्रेचाळीसवर लिहिलंय, पेंढ्यातला माल बंदरातच अडवतात!" मी म्हणालो.

"धाडलंत की. वाचता कुणाला येतंय? आमचं देव आजवर पेंढ्यातनंच गेलं." मग त्यांचा आवाज उतरला. "टेम्पो चार वाजता येतोय, साहेब. आता भरू कशात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"कागद म्हंजे सरस्वती," त्या पुटपुटल्या. पहिली प्रत कपाळाला लावली आणि टराटरा फाडली. मग आम्ही दोघं आणि चार शेजारणी चुरगळत बसलो. प्रस्तावना सोंडेखाली गेली, आभार उंदराभोवती. टेम्पो आला तेव्हा शेवटचं खोकं बंद होत होतं.

निघताना ताईंनी एक पान माझ्या हातात दिलं. त्रेचाळिसावं. "एवढंच मराठीत लिवून द्या. भिंतीला लावते."

मी पानाच्या कोऱ्या समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं : पेंढा चालत नाही.

परतीच्या गाडीत हात रिकामे होते. दोन वर्षं खपून मी ते पुस्तक लिहिलं होतं. त्यातले ताईंच्या कामाचे शब्द तीनच निघाले, आणि तेही मी आज लिहिले.