इनुस मांडववाल्याच्या तीन नोंदी

वरवंडमध्ये इनुस मांडववाला कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. गेली पंचवीस वर्षं आसपासची लग्नं, साखरपुडे, जागरणं त्याच्याच कनातीखाली पार पडलीत. मांडव घालणाऱ्याचं निम्मं लक्ष आभाळात असतं. त्यामुळं लोक विचारायचे, "इनुसभाई, त्या दिवशी वारं सुटंल का?" मग तो डोळे बारीक करून सोलापूरच्या अंगाला बघायचा, जरा वेळ लावायचा आणि सांगायचा. चुकलं तर लोक विसरून जात. बरोबर आलं तर वर्षभर बोलत. हा मान इनुसला फार प्यारा होता.

दोन वर्षांपूर्वी कालव्याकडच्या शेतीशाळेच्या मैदानावर हवामानाच्या नोंदी घेणारं माणूस हवं होतं. इनुसची बायको हसीना बारावी शिकलेली. मुलगी सुफिया लग्न होऊन शिरूरला गेलेली, घरात दुपार खायला उठायची. हसीनानं अर्ज केला. मुलाखतीला इनुसनंच तिला टेम्पोतनं सोडलं, तेही हसत हसत. ही काय नोकरी, असं त्याला वाटलं होतं.

मैदानात चार पायांवर झडपांची एक पांढरी पेटी होती. तिच्यात चार तापमापी: एक दिवसाचं कमाल तापमान दाखवणारी, एक किमान, आणि हवेतला दमटपणा काढायला दोन, एक कोरडी आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेली. बाहेर पावसाचं पाणी साठवणारा पर्जन्यमापक, आणि खांबावर वाऱ्यानं गरगर फिरणाऱ्या वाट्या. रोज सकाळी साडेआठला हसीना हे सगळं वाचायची, वहीत लिहायची आणि पुण्याच्या ऑफिसात फोन करायची. फोनवर संघर्ष नावाचा एक तरुण असायचा. आकडे सांगून झाले की दोघं काहीतरी बोलायची आणि हसीना हसायची. इनुसला ते हसणं आवडत नव्हतं. वाईट काही त्याच्या मनात नव्हतं. पण घरी आपल्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली, हे त्याला आठवत नव्हतं.

वैशाखात कासुर्डीचा माऊली मुलीच्या लग्नाचा मांडव ठरवायला दुकानात आला. चहा झाला, कनातीचा रंग ठरला. मग माऊली म्हणाला, "वाऱ्याचं काय म्हनतंय औंदा?"

इनुस उठला, दारात जाऊन त्यानं डोळे बारीक केले.

"तुम्ही बसा ओ," माऊली म्हणाला. "भाभी हायती का घरात? त्यांना इचारतो."

हसीना बाहेर आली. "भाऊ, मी नुसतं मोजते," ती म्हणाली. "कालचं वारं किती होतं ते सांगीन. पुढचं सांगणारी मानसं पुण्यात बसत्यात."

ती हे सगळ्यांनाच सांगायची आणि लोकांना तो तिचा मोठेपणा वाटायचा. माऊली मान हलवत गेला. इनुस दारातच उभा राहिला. त्या दिवशी त्यानं दुपारी जेवताना भाजीला नावं ठेवली.

त्याच आठवड्यात सुफिया बाळंत झाली. हसीनाला शिरूरला जाणं भाग होतं. "मी हाय की," इनुस म्हणाला. "चार आकडे लिहायला काय लागतंय?" हसीनानं त्याला मैदानावर नेऊन सगळं दाखवलं, संघर्षला त्याचं नाव कळवलं आणि शेवटी बजावलं, "कमाल तापमापीतला पारा आपला आपण खाली येत न्हाई. वाचून झालं की झटकायचा. इसरू नका."

मंगळवारी इनुस इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आकडे लिहिले, फोन लावला.

"नमस्कार. ताई नाहीत का?" संघर्षनं विचारलं.

"मी त्यांचा मालक बोलतोय," इनुस घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि त्यानं आकडे सांगितले.

संघर्षनं आकडे परत वाचून पाहिले. "काका, ओल्या तापमापीचा आकडा कोरडीपेक्षा जास्त सांगताय तुम्ही. तसं होत नाही. कापडातलं पाणी वाळताना पारा खाली खेचतं. अदलाबदल झाली का बघा. ताईंचं असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही."

इनुसनं परत जाऊन पाहिलं. अदलाबदलच झाली होती. शेवटचं वाक्य मात्र दिवसभर त्याच्या कानात राहिलं.

बुधवारी त्यानं तीन तीनदा वाचलं. सगळं बरोबर आलं. संघर्ष नुसता "ठीक आहे" म्हणाला. तिथून तो थेट कासुर्डीला मांडव उभा करायला गेला आणि तिथंच मुक्कामी राहिला.

गुरुवारी सकाळी एक खांब तिरका निघाला, माऊली डोक्यावर उभा होता आणि साडेआठ तिथंच वाजले. इनुसनं खिशातला कागद काढला. बुधवारचे आकडे त्यावर होते. त्यानं कुठं एक वाढवला, कुठं अर्धा कमी केला. कासुर्डीत पावसाचा टिपूस पडला नव्हता, म्हणून पाऊस शून्य. फोन करून सगळं सांगितलं.

"वा काका," संघर्ष म्हणाला. "आज एकदम बरोबर. शिकलात की!"

इनुसला वाटलं होतं, आता गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. दुपारी येऊन त्यानं तेच आकडे वहीत चढवले आणि पेटीकडं न बघता घरी गेला.

शुक्रवारी हसीना पहिल्या एसटीनं निघाली आणि थेट मैदानावर उतरली. इनुस टेम्पो घेऊन तिथंच थांबला होता. तिनं पेटी उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. काल दिवसभर ढग असूनही पारा एकेचाळीसच्या वर ठाण मांडून होता, म्हणजे काल तो कुणी झटकलाच नव्हता. मग तिनं पर्जन्यमापकातलं पाणी मापात ओतलं. अकरा मिलिमीटर. तिनं वही उघडली. गुरुवार, शून्य.

"आप्पा," तिनं शाळेचा शिपाई ज्योतिबा याला हाक मारली, "पाऊस कवा झाला?"

"बुधवारी दुपारी वळीव झाला की. हितं कालव्याच्या कडंनंच. काल निस्तं ढग हुतं, थेंब न्हाई."

बुधवारी दुपारचं पाणी गुरुवारी सकाळीच मोजलं जायला हवं होतं. हसीनानं इनुसकडं पाहिलं. तो चपलेनं माती उकरत होता. तिनं गुरुवारच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, सही केली आणि फोन लावला.

"संघर्ष, कालची नोंद घेतलीच न्हाई. दिलेले आकडे काढून टाका. चूक माझी. बदली मानूस मी दिला हुता."

मान तिचा, कौतुक तिचं, आणि आता इनुसची चूकसुद्धा तिच्याच नावावर जाणार! त्यानं तिच्या हातातनं फोन घेतला. "साहेब, तिचा काय संबंध न्हाई. मी आलोच न्हवतो. खोटं लिहिलं मी. इनुस शेख. माझं नाव लिहून घ्या."

ऑफिसनं ते लिहून घेतलं. पुन्हा इनुसला पाठवायचं नाही, असं पत्र आलं. शाळेतल्या पूनम मॅडमना बदलीचं काम शिकवायचं ठरलं. हसीनाची नोकरी राहिली, पण दोन वर्षांच्या सलग नोंदींत एक रकाना कायमचा कोरा पडला.

घरी ती चार दिवस कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि स्वतःही बसली.

"का केलं?"

"खांब तिरका निघाला हुता..."

"ते न्हाई इचारलं. जमलं न्हाई म्हनून एक फोन केला असता, रकाना कोरा ऱ्हायला असता. कोरा चालतो. खोटं का लिहिलं?"

इनुसनं कप उचलून परत ठेवला. "कोरा ऱ्हायला असता तर त्यो म्हनला असता, ताई असत्या तर असं झालं नसतं."

हसीना त्याच्याकडं वळून बसली.

"मला तुझा हेवा वाटतोय," तो म्हणाला. "माऊली आला तवापासून न्हाई. तू पयल्या दिवशी गेलीस तवापासून."

"हेवा व्हय!" हसीनाच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. "आन् मला वाटलं, माझा राग येतोय तुम्हाला. दोन वरसं मी शोधतीय, माझं काय चुकलं म्हनून."

एवढं बोलून ती उठली आणि कुकर लावायला गेली. त्यापुढं तो विषय त्या दिवशी निघाला नाही.

हेवा काही गेला नाही. पावसाळ्यानंतर दौंडच्या एका शाळेनं हसीनाला उपकरणांची माहिती सांगायला बोलावलं. इनुस तिला टेम्पोतनं घेऊन गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकांनी तिला नारळ दिला. परतताना पाटस मागं पडलं. मग इनुस म्हणाला, "आज लई वाटला."

हसीनानं नारळ मांडीवर नीट धरला. "घरी गेल्यावर बोला समदं," ती म्हणाली. "आता म्होरं बघून गाडी चालवा."