प्रयोगात नापास झालेली बकरी

२०२३ साल. मी शहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण बकरीतलं मला मंगरूळपीरच्या बाजारात कोणी शिकवू शकलं नाही, अन मी शिकूनही घेतलं नसतं.

घरात भांडण होतं ते म्हाताऱ्या पांढऱ्या बकरीचं. यंदाचं पिल्लू तिचं नुकतंच मेलं होतं, कास अजून दुधानं भरलेली होती.

"बाबा, दात पडले तिचे. उद्या बाजार हाय, विकून टाकू," मुलगा म्हणे.

"मी नाही विकत."

"कायले ठेवता?"

 तेवढ्यात पुण्यात प्रयोगशाळेत शिकणाऱ्या, सुट्टीला आलेल्या नातीनं मोबाइलवर फोटो दाखवला. काळ्यावर हिरवे ठिपके.

"आबा, हे पेशीचं केंद्रक. त्यातलं एकच प्रथिन आमाले पाह्यचं असते. ते बकरीले टोचतात. मंग तिच्या रक्तात त्यालेच धरणारी अँटीबॉडी तयार होते. तिले चमकणारा रंग लावून आमी पेशीवर टाकतो."

"बकरी मरते काय?"

"नाही. थोडं रक्त घेतात."

मी मुलाला हाक मारली. "पाह्य, पुण्याचे साहेब बकरीच्या भरवशावर शिकून राह्यले, अन तू विकून राह्यला."

मग नातीला म्हटलं, "संध्याकाळी पिल्लं सोडली की बकरी हुंगून आपलंच घेते, दुसऱ्याले लाथ मारते. तसंच ना?"

"अगदी तसंच, आबा."

माझी मान ताठ झाली. मुलगा दारातूनच बोलला, "पण हे कुठं हुंगते? हे तं कोणाच्याही पिल्लाले पाजते."

नात हसायला लागली. "मंग हे नापास, आबा. सगळ्यालेच चिकटणारी अँटीबॉडी आली तं सगळा फोटोच हिरवा होते. आमी फेकून देतो."

"झालं," मुलगा म्हणाला. "तुमच्याच नातीनं सांगतलं."

"पुण्यात फेकत असतील. हे पुणं नाही."

जेवताना मी रुसून बसलो. चटणी पाहिजे होती, तीही मागितली नाही. डोक्यात शेजाऱ्याचं घर होतं; त्याची एक बकरी नुकतीच मेली होती. तिची दोन पिल्लं बाटली तोंडात धरत नव्हती, अन त्याच्या बाकी बकऱ्या त्यांना जवळ येऊ देत नव्हत्या. त्या बकऱ्या पुण्यात पास झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलानं गाडी काढायच्या आत, मी पांढरीचा दोर सोडला, नातीला सोबत घेतलं, अन शेजाऱ्याच्या अंगणात ती दोन्ही पिल्लं तिच्या कासेला लावली. तिनं हुंगलंसुद्धा नाही.