खंडेनवमीचा झेंडू

"हात स्वच्छ ठेवायची सवय घरातून यावी लागते," सर म्हणाले.

प्रयोगशाळेतले सगळे समोर उभे होते. माझ्या हातात काचेची बाटली. आत सीताफळाच्या पानाचे तुकडे. त्यांवर काळी बुरशी.

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. खुलताबादच्या डोंगरावरचं सीताफळ घ्यायचं आणि त्याच्या पानाच्या तुकड्यातून अख्खं रोप वाढवायचं, हा माझा विषय. आधी तुकडे काळे पडून मरायचे. मी कोवळी पानं घेतली, सुरुवातीला अंधारात ठेवली, संप्रेरकांचं प्रमाण बदलत गेले. अखेर कोंब फुटले. माझी पीएचडी त्या कोंबांवर उभी होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी लॅबमधल्या यंत्रांची पूजा होते. सर आरतीचं ताट घेऊन थेट कल्चर रूमकडे निघाले. तिथं माझ्या कोंबांच्या बाटल्या असतात; बाहेरची चप्पलसुद्धा चालत नाही.

"सर, दारातूनच करा. फुलांबरोबर बुरशी आत जाईल."

"देवाच्या फुलाला बुरशी?" सगळे हसले. "आणि तुमच्यात हे चालत नाही ना? मग तू बाहेरच थांब."

आम्ही बौद्ध. मी बाहेर थांबले. आत रॅकवर झेंडूचा हार चढला. फोटोत कोंब नीट दिसावेत म्हणून सरांनी बाटल्यांची झाकणं काढली. आठवड्याच्या आत सगळ्या बाटल्या बुरशीनं गेल्या, आणि सरांनी ठपका माझ्या हातांवर ठेवला.

"उद्या सगळ्यांसमोर माफी माग. विषय संपवू," सर म्हणाले.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते.

"तू चुकलीस व्हय?"

"नाही."

"मग म्हणू नको. एकदा म्हटलं की हे लोक जन्मभर म्हणायला लावत्यात."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माफी मागणार नाही. झाकणं तुम्ही काढली होती, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी साक्षही दिली नाही. फोटो नोटीस बोर्डावरच होता. हसरे सर, उघड्या बाटल्या, मागे झेंडू.

मी पुन्हा पानापासून सुरुवात केली. पुन्हा कोंब आले. यंदाच्या खंडेनवमीला सर ताट घेऊन आले, तेव्हा कल्चर रूमला कुलूप होतं. मी दारात उभी होते.

"चावी दे."

"पूजा दारातून करा."

"प्रबंधावर सही माझी लागते. विसरू नकोस."

"विसरले नाही, सर."

सही अजून मिळालेली नाही. चावी दिली नाही. देणारही नाही.