अण्णांच्या नावावरची गाडी

नाना कशावरही बसण्याआधी त्यावर पान्याने दोनदा ठोकत आणि कान देत. पाना हाताशी नसला तर बोटाने. खाट, शिडी, माझ्या शाळेतली खुर्ची, सगळ्यांवर टक टक. खंडाळ्याच्या घाटात ते तीस वर्षं रेल्वेचे कीमन होते. हातोडा-पाना घेऊन रोज रूळ चालत तपासायचा, रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी ढिली झाली की ठोकून बसवायची, वरचा धोंडा हललाय का ते बघायचं. "लोखंड खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो," असं त्यांचं म्हणणं. लोखंडाचं त्यांना सगळं ऐकू यायचं. सख्ख्या भावाचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हे मी रागाने लिहिते आहे, आणि तो राग काही अजून गेलेला नाही.

नाना माझे थोरले चुलते, अण्णा माझे वडील. आमच्या कान्हे गावात एका अंगणात दोन दारं आणि दोन दारांत अकरा वर्षांचा अबोला. कारण मी. मला डी.एड.ला घालायचं म्हणून अण्णांनी आपल्या वाट्याचं डोंगराखालचं रान फार्महाऊसवाल्याला विकलं आणि नानांना विचारलं नाही.

"मी न्हाई म्हनलो असतो म्हनून इचारलं न्हाईस!" नाना अंगणात ओरडले.

"व्हय, म्हनूनच!" अण्णा दारातून ओरडले. झालं. त्या दिवसापासून तोंडं बंद. माझ्यावर मात्र नानांनी कधीच राग धरला नाही. मला उशीर झाला की हाक यायची, "मास्तरीन, चल, सोडतो." आणि स्टेशनपर्यंत मला गाडीवर नेऊन सोडत.

ती मोटारसायकल दोघांनी एकत्र असताना घेतलेली, कागद अण्णांच्या नावावर. वाटणीत गाडी नानांकडे आली, पण कागदावरचं नाव तसंच राहिलं. नाव बदलायला सही लागते आणि सही मागायला तोंड उघडावं लागतं. विमाही नाना दरसाल अण्णांच्याच नावाने उतरवत. मी म्हणायचे, "नाना, एक दिवस अडकाल." ते म्हणायचे, "गाडीला ठावं हाय ती कुनाची हाय त्ये."

घाटाच्या कडेला एका बंगल्यावर टीकाराम नावाचा नेपाळी वॉचमन होता. सकाळच्या फेरीत नाना कुंपणाशी थांबायचे, तो चहा द्यायचा. अशी वीसएक वर्षं. बंगल्यावर येणारे त्याला 'बहादूर' म्हणायचे. एकदा एका पाहुण्याने नानांच्या देखत तशी हाक मारली. नाना कुंपणावरून कडाडले, "बहादूर कोन? टीकाराम नाव हाय त्येचं! तुमाला कुनी उटसूट गनपत म्हनलं तर चालंल का?" रिटायर झाल्यावर याच गाडीवरून टीकारामच्या गावी, नेपाळातल्या पाल्प्याच्या डोंगरात जायचं दोघांचं ठरलं होतं. नाना चालवणार, तो मागे बसणार.

नाना रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात टीकाराम तापाने गेला. बंगल्याच्या मालकाचा माणूस आला, "दुपारपर्यंत खोली रिकामी करा" म्हणाला. संध्याकाळी नवा वॉचमन हजर, आणि त्यालाही हाक तीच. त्या दिवशी नानांना आवरायला चार माणसं लागली. अग्नी त्यांनीच दिला. अस्थी स्टीलच्या डब्यात भरल्या, डबा फडक्यात बांधला आणि टीकारामच्या बायकोला फोनवर कळवलं, "भाभी, मी घेऊन येतो."

"साठ वय आहे तुमचं! पास आहे ना रेल्वेचा? गोरखपूरपर्यंत झोपून जा," मी भांडले.

"त्यो गाडीवर बसनार व्हता," नाना म्हणाले. मागच्या सीटवर डबा दोरीने आवळला, चाकांवर टक टक केलं आणि एकटेच निघाले. अण्णा दारातच उभे होते. "सांभाळून जा" एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. "मास्तरीन, हितं बॉर्डरवर मालकाचं पत्र मागत्यात."

मी फोनवरच किंचाळले. किती वर्षं घसा कोरडा केला होता मी! "ठेवा मग गाडी अलीकडे आणि बसने जा!"

"त्येला मी बशीत कोंबनार न्हाई."

"मग अण्णांशी बोला."

पलीकडे ट्रकच्या हॉर्नमधून टक टक ऐकू आली. मग नाना म्हणाले, "दे." मी अंगण ओलांडलं, स्पीकर चालू केला आणि फोन अण्णांच्या पुढ्यात धरला.

"पत्र पायजे."

"कुनाला?"

"मला."

"आन मी कोन तुजा?"

"गाडीचा मालक!" नाना गरजले. "मुडद्या, मालक हाईस गाडीचा! लिव!"

मी पत्र लिहिलं, अण्णांनी सही केली. मग फोनकडे तोंड करून ओरडले, "आन चेन तान! दोन म्हैनं वाजतीया."

"माज्या चेनीचं मला नगं शिकवू!" फोन बंद. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं झालं ते एवढं. मी पत्राचा फोटो पाठवला आणि मूर्खासारखी खूश झाले. वाटलं, सुटली एकदाची गाठ.

पलीकडच्या डोंगरांविषयी नाना परत आल्यावर सांगायचे, "आपला घाट त्येच्यापुडं उंबरा हाय उंबरा." तिथे रस्ता रुंद करायला डोंगर कापत होते, वर सुटा धोंडा आणि खाली एक घर. नानांनी गाडी लावली, पान्याने धोंडा ठोकला आणि बुलडोझरवाल्यावर मराठीतून तुटून पडले, "पोकळ वाजतुया! आयक की!" त्याला शब्द कळला नाही, राग कळला. धोंडा उतरवून घेईपर्यंत नाना तिथून हलले नाहीत. टीकारामच्या बायकोने डबा मांडीवर घेतला आणि विचारलं, "रास्ते में ठंड लगी होगी ना इनको?" एवढं सांगून नाना माझ्याकडे पाठ करायचे. तिने दिलेली नेपाळी टोपी मात्र तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर असायची.

आणि घरी? घरी तेच. नाना गाडीवरून अण्णांच्या दारावरून जायचे, अण्णा दारात बसलेले, दोघांच्या माना दोन दिशांना. "फोनवर बोललात ना!" मी संतापून म्हटलं. "त्ये कामाचं व्हतं," नाना म्हणाले. आठ महिन्यांनी एका दुपारी ते खाटेवर बसल्या बसल्याच गेले.

तेराव्यानंतर मी टीकारामच्या बायकोला कळवलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "छोटे भाई को टोपी ठीक आई?"

"कुठली टोपी?"

दोन दिल्या होत्या म्हणे तिने. एक नानांना, एक पत्र देणाऱ्या भावाला.

मी गाडीच्या बाजूची डिकी उघडली. पान्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत अण्णांच्या सहीच्या पत्राची छापून घेतलेली प्रत, त्यावर बॉर्डरचा शिक्का, आणि एक कोरी टोपी. मला रडू आलं नाही. असा संताप आला की डिकीचं झाकण मी आपटलं.

टोपी अण्णांच्या हातात दिली, कुणाची ते सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "आट म्हैनं," म्हणाले. "रोज माज्या दारावरनं नेत व्हता."

"आणि तुम्ही रोज दारात बसून बघत होतात!"

"बगत न्हवतो. आयकत व्हतो. तितनं आला तवापासनं चेन वाजायची थांबलीती. म्हनलं, माजं आयकलं त्यानं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, आदी त्यो बोलंल."

मी टोपी त्यांच्या हातातून हिसकावली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली.