किनाऱ्यावर न बोलायचा शब्द

आधी काकांचा हात चालायचा, मग तोंड. “अब सुन,” असं ते म्हणायचे तेव्हा समोरच्याचा गाल लाल झालेला असायचा. तुम्ही कधी रविवारी जबलपूरहून धरणाच्या पाण्यावर गेला असाल तर तुम्हीही हे पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर नशीबवान आहात.

जबलपूरच्या विजय नगरात ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. फौजेतले निवृत्त हवालदार. बायको गेलेली, मुलगी सासरी. धरणाच्या पाण्यावर काइटबोर्डिंग चालतं, तिथल्या ठेकेदाराने त्यांना किनाऱ्याची राखण दिली होती. काइटबोर्डिंग म्हणजे कमरेच्या पट्ट्याला भला मोठा पतंग अडकवायचा, पायाला फळी बांधायची आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून सुसाट जायचं. या खेळासाठी ठेवलेला एक तुकडा सोडला तर बाकी किनारा बंद. पुण्या-मुंबईहून पोरं यायची, आणि ‘बंद’ म्हणजे काय ते त्यांना काकांच्या हातून कळायचं.

नियम साधे होते. धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही. मासेमारांची जाळी वाळत असतील तिथे दोऱ्या पसरायच्या नाहीत. वारा बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे असेल तर पतंग पिशवीतून काढायचाच नाही. आणि कोणी अस्थी घेऊन आलं, तर सगळे पतंग खाली.

एकदा एक म्हातारे बायकोच्या अस्थी घेऊन पाण्यात उभे होते आणि एका पाहुण्याचा पतंग त्यांच्या डोक्यावरून सूं करत गेला. काका त्या पाहुण्याला कॉलर धरून बाहेर घेऊन आले आणि असा हाणला की तो वाळूत बसला. मग बूट न काढता पाण्यात शिरले आणि म्हाताऱ्यांच्या दंडाला धरून उभे राहिले. “आरामात करा बाबूजी, कोई जल्दी नहीं.” हाच माणूस का तो, असं मला झालं.

पण सगळ्यात कडक नियम एका शब्दाचा होता. किनाऱ्यावर ‘सोड’ म्हणायचं नाही. ‘छोड’ही नाही. पतंग उडवताना एक जण तो हातात धरून लांब उभा राहतो, आणि उडवणाऱ्याने अंगठा वर केला की मगच मोकळा करतो. पूर्वी कोणीतरी गप्पांत ‘छोड’ म्हणालं, धरणाऱ्याने पतंग सोडला आणि बेसावध माणूस खडकावर आपटला. तेव्हापासून बंदी. आता जबलपुरात ‘छोड़ो यार’ म्हटल्याशिवाय कोणाचं बोलणं पुरं होतं का? आमच्या बँकेचे मॅनेजर समोसा खाताना म्हणाले, “छोड़ो यार, चटनी रहने दो,” आणि काकांच्या एका फटक्यात चटणीसकट समोसा वाळूत गेला. मी हसले. मग काकांनी माझ्याकडेही असं बघितलं की मी हसू आवरलं.

तक्रारी झाल्याच. शेवटी ठेकेदाराने सांगितलं, आता एकावरही हात उचलला तर काम गेलं. त्या आठवड्यात ते आमच्या फाटकाशी थांबले. म्हणाले, “घरी बसून काय करू ताई? भिंतीशी भांडू?” हे बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. पुढच्या रविवारपासून ते किनाऱ्यावर हात मागे बांधून फिरायला लागले. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलेलं. पोरं हसायची. मेल्यांनो, हसा!

आणि नेमका माझा भाचा पुण्याहून आला, स्वतःचा पतंग घेऊन. पतंग धरायला आमच्या बँकेतला एक सहकारी गेला. चेरीताल भागातल्या जुन्या मराठी घरातला. मराठी सगळं समजतं, बोलायचं म्हटलं की हिंदी सुरू. वारा खुंटांकडेच होता. काका हात मागे ठेवूनच म्हणाले, “काहून ऐकून नाही राहिला बे? आज नाही.” भाचा पट्टा अडकवून तयार. पुणेरी लाडात येऊन म्हणाला, “सोडा ना काका, दोनच मिनिटं!”

वाऱ्यात लांबवर एकच शब्द पोचला. सहकाऱ्याने पतंग सोडला.

पोरगा उचलला गेला आणि दगडांवर आदळला. पतंग त्याला फरफटत खुंटांकडे घेऊन चालला. पतंगाची दांडी हातातून मोकळी केली की ओढ मरते, पण घाबरून त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. कपाळातून रक्त येत होतं. काकांनी झेप घेतली आणि त्याच्यावर पडले. दोघंही ओढले जात होते. काका त्याच्या मनगटांवर मुठीने हाणत होते, जबड्यावर हाणत होते, आणि तो दांडी देत नव्हता. शेवटी त्याचं मनगट मोडलं आणि दांडी सुटली. काकांनी त्याच्या कमरेच्या पट्ट्याची कडी उघडली. पतंग एकटाच जाऊन खुंटांवर फाटला. मी धावत पोचले तरी काकांचा हात चालूच होता. भाच्याचा पुढचा दात वाळूत पडला होता.

कोणीतरी व्हिडिओ काढलाच होता. त्यात फक्त मारणं होतं.

तो पाहून ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी बोलावलं; मी, भाचा आणि काका त्याच्या ऑफिसात गेलो. भाचा सुजलेल्या तोंडाने म्हणाला, “यांनी मारलं नसतं तर मी मेलो असतो.” ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्यालाही सुटल्यासारखं झालं. म्हणाला, “तो फिर मारा नहीं, बचाया. बात ख़त्म. ठीक है ना, हवालदार साहब?”

काका खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, “नहीं साहब. कडी उघडेपर्यंतचे फटके वाचवायचे होते. उसके बाद जो मारा, वो गुस्से का था.”

देवा रे! गप्प बसायला काय झालं होतं या माणसाला? मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला. ठेकेदाराने हातातला पेपरवेट खाली ठेवला. मग म्हणाला, “आपने ही बोल दिया. अब मैं क्या करूँ?”

काम गेलं. परतताना काका रस्त्याच्या कडेने उन्हात चालताना दिसले. मी गाडी थांबवली. ते बसेनात. “तुम्ही चला ताई. मी येतो पायी.” भाच्याने काच खाली केली. प्लास्टरचा हात बाहेर काढून म्हणाला, “काका, मला तर सगळे सारखेच लागले हो. कुठला रागाचा, मला कळलासुद्धा नाही.”

“म्हणूनच तर मला सांगावं लागलं,” ते म्हणाले.

महिनाभरात घर रिकामं करून ते मुलीकडे गेले. मला परत दिसले नाहीत.