म्हस लाजती

सत्तरच्या दशकात रोज संध्याकाळी मी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचो. तिथला म्हातारा म्हैसवाला समोरच धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचा. एकदा एक गरोदर पोर पेला घेऊन उभी राहिली. लाज म्हणा, भीड म्हणा, एवढ्या बाप्यांत पेला ओठांपर्यंत जाईना.

पुढची धार काढता काढता म्हातारा खेकसला, "समद्यांनी पाठ फिरवा की! म्हस लाजती, पान्हा चोरती."

आम्ही हसत वळलो. पोर रिकामा पेला ठेवून गेली.

मी विचारलं, "मामा, रोज कशी लाजत नाही ही म्हैस?"

"म्हशीला कसली लाज, पावणं? पर पोरीसाठी वळा म्हटलं असतं, तर पेला तसाच ठिवून गेली असती."

दुसऱ्या दिवशी ती लांबून येताना दिसली आणि मीच ओरडलो, "पाठ फिरवा, म्हस लाजती!"